वांग्यांवर भुरकवलेली राख

आमच्या मळ्याच्या बांधाला लागून जुन्या दगडी किल्ल्याचा बुरूज उभा आहे. तेवढ्यापायी स्वतःच्या शेतात दोन खोल्या बांधायलाही परवानगी लागत होती. मला याचा भारी संताप यायचा. मायचे गुडघे गेलेले. रोज गावातून मळ्यात चालत यायचं, डोणगावच्या बाजारासाठी वांगी तोडायची, पुन्हा लंगडत परत. तिला मळ्यातच घर हवं होतं. "मेलेल्या राजाची भिंत सांभाळा, अन् जित्या माणसानं मरावं!" असं मी कचेरीत तोंडावर बोलून आलो होतो.

शेवटी पुरातत्त्ववाल्या एक मॅडम माणसं घेऊन आल्या. पाया खणण्याआधी खाली काही जुनं आहे का, ते एक खड्डा घेऊन बघायचं होतं. तोही खुरप्यानं आणि ब्रशनं! मी कपाळावर हात मारला. पण संध्याकाळी खाली मातीची चूल निघाली. आत राख तशीच, आणि कडेला लिंपताना उमटलेली बोटं. मी खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसून बघत राहिलो.

"बाईचा हात दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "किती जुना, ते राखेतल्या कोळशावरून कळेल. उद्या काढू. तोवर कोणी हात लावू नका." फोटो काढून त्यांनी वर ताडपत्री टाकली.

घरी मी मायला सगळं सांगितलं, हात लावायचा नाही हेसुद्धा. तिनं मान डोलावली. तिच्या लेखी हात लावणं म्हणजे मोडतोड करणं. चुलीला पोतेरं देणं हे त्यात येतच नव्हतं.

सकाळी मी अन् मॅडम पोचलो तर ताडपत्री बाजूला. चूल शेणामातीनं सारवलेली, वर हळदकुंकू. राख नाही, बोटं नाहीत. माय आमच्याआधीच येऊन वांग्यांत उभी.

"मावशी, राख कुठाय?"

"वांग्यांवर भुरकवली. माव्याची कीड पडली ना, बाई." माय खुशीत होती. "तुम्ही येणार, तं चूल तशीच उष्टी ठेवाव का?"

"अवं माय, काय करून बसली तू!" मी ओरडलो. मॅडम ओरडल्या नाहीत. पानांवरची राख त्यांनी बोटावर घेतली आणि झटकून टाकली. आमच्या घरची राखही त्याच वांग्यांवर पडायची. कोणती कुठली, कसं सांगणार? मग त्यांनी मायला कालचा फोटो दाखवला.

"अगं बाई, बोटं होती इथं?" माय म्हणाली. "मले दिसलीच नाहीत. म्या रोजच्यासारखा हात फिरवला." ती वांग्यांतच खाली बसली.

खड्डा बुजला. रस्त्याकडं सरकून बांधा, अशी परवानगी आली. ज्यासाठी भांडलो ते मिळालं, आणि कागद हातात घेताना मला वाईट वाटलं. ती चूल कोणाची, केव्हाची, हे आता कधीच कळणार नाही.

आता नव्या घरात ओटा आहे, गॅस आहे. तरी मायनं मागच्या दारी एक चूल घातलीच. परवा ती लिंपत होती. कडेला बोटं तशीच उठलेली.

"पोतेरं फिरव की," मी म्हणालो. "किती ओबडधोबड दिसते!"

"राहू दे," माय म्हणाली. "तिनंबी अशीच ठेवली होती. म्याच पुसली रे."