लक्ष्मीची पावलं आणि बोंबलाचे हात

मंडळींनो, बोलतेय मी, टाइप करतेय माझी नात श्वेता. मला अक्षर येत नाही, म्हणजे चुका सगळ्या तिच्या.

गुडघे गेले तशी दारातली रांगोळी बंद झाली. म्हणून श्वेतानं ती माझ्याकडून कागदावर काढून घेतली आणि माणिकपूरच्या एका दुकानातून स्वयंपाकाच्या एप्रनवर छापून आणली. आज सकाळी मी तो मोठ्या हौसेनं सुनेला दिला.

सून बघतच राहिली. "आई, ह्यात लक्ष्मीची पावलं आहेत. ह्याला मी मच्छीचे हात पुसू?"

खरंच की! इतकी वर्षं काढतेय, हातानं सवयीनं काढली. तिनं एप्रनला नमस्कार केला आणि घडी घालून कपाटात ठेवला.

अहो, दारातली पावलं पोरं, कोंबड्या, पोस्टमन सगळेच तुडवून जायचे. तेव्हा कधी वाईट वाटलं नाही. ती घडी बघून मात्र वाटलं.

दुपारी मीच एप्रन बांधला, बोंबील साफ केले, हात पुसले. सून ओरडली, "आई, अहो काय हे!" म्हटलं, "लक्ष्मी आपल्याच घरात येते ना? मग तिला बोंबलाचा वास ठाऊक असणारच."

ती हसली नाही. एप्रन धुतला, वाळवला, परत कपाटात.

आता भांडायलाही दम नाही हो. जन्मात पहिल्यांदा माझी रांगोळी संध्याकाळपर्यंत टिकली, तर ती कुणाला दिसेना. तुमच्यातल्या सुनांनो, खरं सांगा, तुम्ही घातला असता का?