वरपक्ष नसलेलं लग्न

मराठी मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे बिनपगारी, फुल अधिकारी असं लोकांना वाटतं. त्यातलं फक्त पहिलं खरं आहे. खुर्च्या मांडा, खुर्च्या उचला, मसालेभातात मीठ कमी पडलं की बोलणी खा. पदरात पडतात ते किस्से. ते मात्र इतके साठतात की घरात ठेवायला जागा उरत नाही, म्हणून चार मित्र जमले की मी वाटत सुटतो.

मी इथे इंग्लंडात एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होतो. लोकांना झोपवण्यात आयुष्य गेलं. रिटायर झालो, मिल्टन कीन्सच्या मंडळात शिरलो आणि जागी माणसं किती बोलतात ते पहिल्यांदा कळलं.

हल्ली फर्माईश एकच असते, मुक्ताच्या लग्नाचं सांग. मी दर वेळी थोडं वाढवून सांगतो असं शैलाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे. त्यात तथ्य आहे. पण शेवटचा किस्सा मी एका शब्दानंही वाढवलेला नाही, हे तीही कबूल करते.

* * *

आधी ट्रंकेचं सांगायला हवं. आमची पहिली मंडळी या देशात आली तेव्हा लग्नाचं सामान कुठे मिळत नसे. कुणीतरी पुण्याहून अंतरपाट, पाट, मुंडावळ्या असं सगळं पत्र्याच्या ट्रंकेत भरून आणलं आणि मंडळाला दिलं. तेव्हापासून सभासदाच्या घरचं लग्न त्याच अंतरपाटाआड लागतं. घरात कोरा, जरीचा असला तरी तो कपाटात राहतो.

मुक्ता इथेच जन्मली. ती शाळेत असतानाच वडील गेले. आई वैजू नोकरीत अडकलेली, म्हणून सगळं केलं ते मामानं, म्हणजे श्रीधरनं. हा माझा जुना मित्र, आम्ही एकाच हॉस्पिटलात लागलो. इथल्या लाल सायकलवाटांवर मुक्ताच्या मागे धावत त्यानं तिला सायकल शिकवली. पुढे ती ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत इंजिनियर झाली आणि तिथल्या एमिलीशी तिचं जमलं. रजिस्टर लग्न तर करायचंच, पण आपल्या पद्धतीनंही करायचं असं दोघींनी ठरवलं. वैजूनं मंडळाकडे ट्रंक मागितली.

कमिटीला निर्णय घेता येईना. आमच्या कमिटीला चहापत्तीसुद्धा एकमतानं ठरवता येत नाही. प्रश्न वार्षिक सभेत मतदानाला गेला.

विरोधात बोलायला श्रीधर उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "कायद्यानं त्यांचं लग्न होतंय, फाइन, मी कायदा मानतो. पण संस्कार म्हणजे क्लबचा रूल नाही, मेजॉरिटी आली की चेंज केला. मी तिचा मामा आहे. मुलीला बोहल्यावर आणायचं आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे माझं काम. जे मला पटत नाही तिथे मी उभा राहणार नाही."

वैजू समोरच बसली होती. तिनं मान वर केली नाही.

हात वर करून मतं झाली आणि ठराव थोडक्यात पास झाला. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणालाच कळेना, म्हणून सगळ्यांनी चहा घेतला.

* * *

एका जोडप्यानं, नाव सांगत नाही, त्या सभेत एकमेकांविरुद्ध हात वर केले. आमच्या गावात राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालायचे गोल चौक, इतके की सरळ रस्ता लागला तर माणूस दचकतो. नवरा गाडी चालवणार आणि बायको शेजारून कुठे वळायचं ते सांगणार, ही त्यांची कायमची रीत. त्या दिवशी ती सांगेना आणि तो विचारेना. गृहस्थ एकाच राउंडअबाउटला गोल गोल फिरत राहिले.

शेवटी ती म्हणाली, "माझं मत बदलणार नाही. थर्ड एक्झिट."

* * *

श्रीधरनं निषेध म्हणून मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. इंग्रजीत चार ओळींचं गंभीर निवेदन टाकलं आणि बाहेर पडला. त्याच संध्याकाळी मला त्याचा फोन. ग्रुपवर कोण काय म्हणालं? मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मग हा माझा रोजचा उद्योगच झाला, शैला त्याला संध्याकाळच्या बातम्या म्हणायची. अगदी गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा कुणी कुठली पाठवली ते त्याला हवं असायचं.

कंटाळून मी म्हटलं, "अरे, मग परत ये ना ग्रुपवर!"

"मी तत्त्वासाठी बाहेर पडलोय, विनू," तो म्हणाला. "बातम्यांसाठी नाही. पुढचा वाच."

* * *

प्रकरण घरातल्या घरात राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणीतरी ते फेसबुकवर टाकलं, तिथून ते लोकल पेपरात गेलं आणि गावभर झालं. आम्ही ज्या कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतो तिथे रविवारी सगळे धर्म तासातासानं येतात. सकाळी चर्चवाले, मग आमचा मराठीचा वर्ग, मग भजनवाले, पलीकडच्या खोलीत आणखी कुणी. या लग्नाला हॉल देऊ नका असं त्यातल्या बऱ्याच जणांनी सेंटरला कळवलं. झालं, रविवारी एका फुटपाथवर फलक धरून प्रार्थना म्हणणारे आणि समोरच्या फुटपाथवर सप्तरंगी झेंडेवाले. मधून आमची पोरं पाटी-दप्तर घेऊन अ आ इ शिकायला जाणार.

गंमत वाटण्यासारखं ते नव्हतं. वैजूच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी नको ते लिहून ठेवलं. इकडे झेंडेवाल्यांतल्या दोघांनी भजनाला चाललेल्या एका म्हातारीला "शेम ऑन यू" म्हणून ओरडून रडवलं. तिला बिचारीला मतदान झाल्याचंही माहीत नव्हतं. मला दोन्हीकडच्यांचा मनापासून राग आला.

एका रविवारी पाऊस आला आणि दोन्ही फुटपाथ सेंटरच्या पोर्चमध्ये घुसले. कुणी कुणाकडे बघेना. शैला आतून चहाचं मोठं भांडं आणि पोहे घेऊन आली. मी म्हटलं, यांना कशाला? ती म्हणाली, भिजलेल्या माणसाला आधी चहा द्यावा, मतं नंतर विचारावीत.

फलक धरलेला एक उंच म्हातारा माझ्याकडे निरखून बघत होता. म्हणाला, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मला झोपवणारा डॉक्टर तूच ना? मी होय म्हटलं. म्हटलं, आज तुम्ही फार मोठ्यानं गात होतात.

"मग तेव्हाच गप्प करायचं होतंस," असं म्हणून त्यानं कप पुढे केला.

* * *

मग कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, सगळ्यांना एकत्र बोलावलं. पाद्री, मौलवी, देवळाचे ट्रस्टी, झेंडेवाल्यांची एक मुलगी आणि मंडळातर्फे मी. ही सगळी धर्मगुरू मंडळी गेली कित्येक वर्षं सेंटरच्या कार पार्कवरून भांडत आलेली. पण त्या दिवशी आमच्याविरुद्ध सगळे एक. एकानं वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्यानं पुरं करावं. पाद्रीबाबा मला हळूच म्हणाले, काही म्हणा डॉक्टर, तुमच्या ठरावानं आमच्यात जेवढी एकी झाली तेवढी आमच्या प्रार्थनांनी झाली नव्हती.

शेवटी कौन्सिलच्या बाईंनी सांगितलं, हॉल सगळ्यांचा आहे, बुकिंग रद्द होणार नाही, पण त्या दिवशी कुणाच्याही प्रार्थनेची वेळ हलवली जाणार नाही. कुणी खूश नव्हतं, म्हणजे निर्णय बरोबर असणार. तेवढ्यात बाहेरून जेनेट आली. जेनेट म्हणजे सेंटरची केअरटेकर. तिनं विचारलं, दारासमोर आडवी गाडी कुणाची आहे?

गाडी देवळाच्या ट्रस्टींची होती आणि अडकलेली पाद्रीबाबांची. एकी तिथेच संपली.

* * *

लग्न लावायला गुरुजी मिळेनात. आमचा केदार आठवडाभर आयटीत असतो आणि शनिवार-रविवारी गुरुजी. मुलगा सज्जन, पण घाबरला. म्हणाला, काका, मी बाबांना विचारतो. बाबा वाईला, चाळीसेक वर्षं लग्नं लावत आलेले. फोन स्पीकरवर टाकला, मी शेजारीच होतो. केदारनं चाचरत सगळं सांगितलं.  

पलीकडून आवाज आला. "दोन्हीकडची मंडळी मुलीकडची?"

"हो, बाबा."

"म्हणजे वरपक्षच नाही?"

"नाही."

"मग लाव लग्न," बाबा म्हणाले. "निर्विघ्न पार पडेल."

* * *

बाबांचा अंदाज आदल्या संध्याकाळीच चुकला. सीमांतपूजनाला मुलीकडच्यांनी दारात उभं राहून मुलाकडच्यांना ओवाळायचं असतं. एमिलीची आई सुझन फार हौशी बाई. तिनं वैजूला विचारून ठेवलं होतं, मुलीकडच्यांनी काय करायचं असतं? वैजूनं सगळं यथासांग समजावलं, फक्त आपणही मुलीकडचेच आहोत हे ती विसरली.

सुझन ब्रिस्टलहून आपली माणसं घेऊन लवकर निघाली. हातात निरांजन, लोकरीच्या विणलेल्या फुलांचं तबक. येऊन बघते तो दारात वैजू तिची माणसं आणि तबक घेऊन हजर. हॉलला कुलूप, दारात दोन स्वागत समित्या आणि यायचं कुणीच बाकी नाही. दोघीही हटायला तयार नाहीत, एकमेकींना "आफ्टर यू" चाललंय, वाऱ्यानं निरांजनं विझताहेत.

शेवटी कुलूप उघडायला जेनेट आली. दोघींनी मिळून तिला ओवाळलं. तिनं मान तुकवून कुंकू लावून घेतलं आणि विचारलं, हीटिंग कितीपर्यंत हवंय?

* * *

आता मधला एक किस्सा राहिला. त्यात हसण्यासारखं थोडंच आहे, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लग्नाआधी एका दुपारी मी श्रीधरकडे पत्ते खेळत बसलो होतो. मुक्ता ब्रिस्टलहून गाडी चालवत थेट त्याच्याकडे आली. मी उठायला लागलो तर म्हणाली, "विनूकाका, बसा तुम्ही." मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मामा, माझी लग्न आहे," ती तिच्या इथल्या मराठीत म्हणाली. "तुला नाही पटत, ओके. मागे उभं नको राहू. पण तू हॉलमध्ये नसलास तर मला नाही जमणार."

श्रीधर पत्ते पिसत राहिला. मग म्हणाला, "अक्षता टाकायला येईन. उभा राहणार नाही."

"डील," ती म्हणाली. तिनं त्याच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि तिघांना वाटले. तो डाव तीच जिंकली, आम्ही दोघंही नीट खेळत नव्हतो.

वैजूनं मामाच्या जागी मला उभं राहायला सांगितलं. मी हो म्हटलं, पण श्रीधरला सांगताना माझी जीभ अडखळली.  संध्याकाळी बातम्यांच्या वेळी त्याचाच फोन. मुलीला आणताना घाई करू नकोस. बरोबर मागे उभा राहा, बाजूला नको. आणि भूलतज्ज्ञ आहेस, मंगलाष्टकांना स्वतः पेंगू नकोस.

मी विचारलं, "म्हणजे पटलं तुला?"

"पटलेलं नाही," तो म्हणाला. "पण चूक नको व्हायला."

* * *

लग्नाच्या दिवशी फुटपाथवर थोडेच लोक होते. गुडघ्याचा म्हातारा होता, त्यानं मला हात केला. श्रीधर वेळेवर आला आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला. कोटसुद्धा काढला नाही. मुक्तानं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

मी तिला पाटावर आणून मागे उभा राहिलो. अंतरपाट धरला गेला. पलीकडे एमिली नऊवारीत, हातात हार. केदारनं विचारलं, "एमिलीचे मामा?"

सुझन पुढे आली. खालच्या आवाजात म्हणाली, माझा एकच भाऊ आहे, त्याच्या चर्चला हे मान्य नाही, तो येणार नाही. इतका वेळ वाटत होतं, येईल. काही हरकत नाही, ती एकटी उभी राहील.

केदार माझ्याकडे बघायला लागला. मी कुणी मोकळा पुरुष दिसतो का ते शोधायला लागलो. अंतरपाटाच्या कडेनं मला एमिली दिसत होती. तिच्या मुंडावळ्या एका बाजूला घसरल्या होत्या आणि ती हसू आणायचा प्रयत्न करत होती. 

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली.

"अरे, मुलीला एकटीला उभी करताय?" श्रीधरचा आवाज आला. "मामाशिवाय मुलगी उभी करतात का कुठे? काही रीतभात?"

तो तरातरा पुढे आला. कोट काढून वैजूच्या हातात दिला. एमिलीच्या मुंडावळ्या सरळ केल्या, मागे केसांत नीट बांधल्या आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. केदारला म्हणाला, "हं, सुरू करा."

मंगलाष्टकं झाली. वैजू एरवी प्रत्येक लग्नात म्हणते, त्या दिवशी तिला एक ओळ म्हणता आली नाही. अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या. इकडे मुक्ता आणि मी, तिकडे एमिली आणि श्रीधर. मुक्ता हार तसाच धरून मामाकडे बघत राहिली.

श्रीधरनं एमिलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि भाचीला म्हणाला, "आमच्या मुलीला नीट सांभाळ गं."