चांगल्या हाताला प्लास्टर

शिंदखेड्याच्या बाजारपेठेत फुलचंदशेठांचं भांड्यांचं दुकान आहे. शेठ सदुसष्ट वर्षांचे. बोलताना त्यांची जीभ अडखळते, 'ब' आणि 'प'वर तर हमखास. पण लग्नाची भांडी घ्यायला खेड्यांवरून येणारी माणसं त्यांचा शब्द बाहेर पडेपर्यंत शांतपणे थांबतात. ओळखच तेवढी जुनी.

ही जीभ अडखळायला लागली सहाव्या वर्षी. फुलचंद जन्माचा डावखुरा. डाव्या हाताने भांडं पुढे केलं की गिऱ्हाईक परत फिरतं, असं त्यांचे थोरले काका बन्सीलाल म्हणायचे. त्यांनी पोराचा डावा हात सुतळीने कमरेला बांधून टाकला. शाळेत, दुकानात, ताटावर, वर्षभर तो बांधलेलाच होता. उजवा हात शिकला. जीभ मात्र तेव्हा अडखळली ती कायमचीच. पत्नी कुसुमलताबाई सोडल्या तर ही गोष्ट शेठांनी कुणालाही सांगितली नव्हती.

नात झाली, विधी. सातआठ महिन्यांची असताना लक्षात आलं, की ती डावाच हात वापरते. उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत, कोपर छातीशी. जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका भागाला रक्त पोचलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोरगी डाव्या हाताने खायला लागली तशी नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. तेव्हा शेठांनी भर पंगतीत बजावलं, माझ्या घरात पोरीच्या डाव्या हाताबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. तिला धरता येईल असा एक चमचाही त्यांनी स्वतः वाकवून दिला.

विधी साडेतीन वर्षांची झाली तेव्हाची ही गोष्ट. सून हर्षिता आणि मुलगा रोनक तिला धुळ्याला दाखवायला घेऊन गेले होते. संध्याकाळी शेठ दुकानातून घरी आले, तर विधी झोपाळ्यावर बसलेली आणि तिच्या डाव्या हाताला बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टर.

एकच तर हात होता पोरीला! कुठे पडली, कशी पडली, विचारता विचारता त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं. हर्षिता पदर सावरत हळूच म्हणाली, की विधी पडलेली नाही, हात मोडलेला नाही. हे मुद्दाम घातलंय. तीन आठवडे दिवसभर चांगला हात बंद ठेवायचा, म्हणजे अधू हाताला काम करावंच लागेल. रोज तीन तास खेळ घ्यायचे, आठवड्यातून दोनदा धुळ्याला दाखवायचं.

पुढचं शेठांना ऐकूच आलं नाही. त्यांना एवढंच कळलं, की आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत पोरीचा डावा हात बांधलाय. कुसुमलताबाईंनी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षिताने रात्रीपुरतं काढून ठेवलेलं प्लास्टर पुन्हा चढवलं आणि विधीपुढे कुरमुऱ्यांची वाटी ठेवली. विधीने उजवा हात वाटीत घातला. वाटी लवंडली. कुरमुरे सगळीकडे झाले आणि ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादाजी, काढा ना."

शेठ उठले. दुकानातली पत्रा कापायची कात्री घेऊन आले. प्लास्टरचे दोन भाग वरून पट्टी गुंडाळून बांधलेले होते. त्यांनी पट्टी टराटरा कापली. विधीने डावा हात मोकळा होताच कुरमुरे वेचायला सुरुवात केली आणि उजवा पुन्हा छातीशी जाऊन बसला.

हर्षिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नाला सात वर्षं झाली होती. सासऱ्यांसमोर तिने कधी मान वर केली नव्हती.

"बाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता तिचा उजवा हात कापलात."

शेठांना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "ब... ब... बां..." शब्द काही केल्या सुटेना. मग सुटला तो एकसष्ट वर्षांचं सगळं घेऊनच. काका, सुतळी, शाळेतली पोरं, जीभ. कात्री हातात तशीच. हर्षिता ऐकता ऐकता पांढरीफटक पडली. सात वर्षं रोज ज्यांच्यापुढे ताट ठेवलं, त्या माणसाची ही गोष्ट तिला माहीतच नव्हती.

मग ती म्हणाली, "तुमचा हात लोकांना आवडत नव्हता म्हणून बांधला. हिच्या मेंदूला आपल्याला दुसरा हात आहे हेच ठाऊक नाही. एकदा धुळ्याला चला, बाऊजी. तिथल्या थेरपीच्या मॅडमना विचारा. मग काढायचं तर काढू."

धुळ्याच्या थेरपीवाल्या दिपमाला मॅडम सावद्याकडच्या, शेतकऱ्याची लेक. त्यांनी वाद घातला नाही. हर्षिताने आधीच्या आठवड्यात घरी काढलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ त्यांनी लावला. त्यात विधी खेळत होती, शेजारी शेठ बसले होते. एक डबी उजवीकडे घरंगळली. विधीचं उजवं कोपर छातीपासून सुटलं, हात थोडा पुढे सरकला. तेवढ्यात शेठांनी डबी उचलून तिच्या डाव्या हातात दिली.

मॅडमनी चित्र थांबवलं. "शेठ, इथे बघा. हा हात निघाला होता. या दहा मिनिटांत सात वेळा निघाला. प्रत्येक वेळी त्याच्या आधी तुम्ही पोचलात."

शेठांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. पडद्यावरचा म्हातारा किती प्रेमाने हसत होता! त्यांना ते बघवेना, आणि नजरही हटवता येईना. नातीवरची आपली माया अशी तिच्या हाताच्या आड येत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, हिची जीभ तर नाही ना अडखळणार? मॅडमनी तो हसण्यावारी नेला नाही. बोलणं, झोप, रडणं, सगळ्यावर लक्ष ठेवू, म्हणाल्या. पोरगी खचतेय असं वाटलं तर त्याच दिवशी थांबवू. लक्ष ठेवायचं काम त्यांनी शेठांनाच दिलं.

त्या दिवसापासून प्लास्टर पुन्हा चढलं आणि शेठ सकाळी दुकान उशिरा उघडू लागले. हर्षिता खेळ घ्यायची: झाकणं ढकलणं, चेंडू घरंगळवणं, डबीतले हरभरे काढणं. शेठ दोन्ही हात मांडीखाली दाबून शेजारी बसायचे. पहिले पाच दिवस काहीच झालं नाही. विधी चिडायची, रडायची, आजोबांकडे बघायची. शेठ भिंतीकडे बघायचे. सहाव्या दिवशी तिने एक झाकण ढकललं. बाराव्या दिवशी एक हरभरा उचलला आणि तोंडात टाकला.

एकदा ती दुकानात आली असताना निमगुळचे पुना आबा कळशी बघत होते. ते म्हणाले, "काय व्हयनं, शेठ? पोरना हात मोडना का?" शेठांनी नाही म्हटलं आणि न अडखळता सगळं समजावून सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. उजवा हात काही डाव्यासारखा झाला नव्हता, होणारही नव्हता. अंगठा अजून आत वळत होता. आता दोन्ही हातांचे खेळ, आणि काही महिन्यांनी पुन्हा एक फेरी, असं मॅडमनी सांगितलं. घरी परतताना गाडीत विधी शेठांच्या मांडीवर बसली होती. अचानक तिचा उजवा हात वर आला आणि त्याने शेठांचा चष्मा ओढून काढला.

मूठ चष्म्यावर घट्ट मिटली होती. धरायला ती शिकली होती, सोडणं तिला अजून जमत नव्हतं. रोनकने गाडी बाजूला घेतली. हर्षिताने पुढच्या सीटवरून मागे हात केला, तशी शेठांनी मान हलवून तिला थांबवलं. त्यांना समोरचं सगळं धूसर दिसत होतं. बाजूने ट्रक जात होते, गाडी हादरत होती. विधी ओठ दुमडून आपल्याच मुठीकडे बघत होती. एक बोट हललं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं.