गाणं नको, बोलणं चालेल

त्या दिवशी दुपारी माझा नवरा गेला. तो खुर्चीत बसला होता. रेकॉर्ड संपली होती आणि सुई फिरत होती. मी हाक मारली. त्याने ओ दिली नाही. मी सुई उचलली, अँप्लिफायर बंद केला आणि मग आईंना बोलावलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि जामसंड्याच्या घरात आम्ही दोघी उरलो. आणि ते स्पीकर. नवरा मालवाहू जहाजावर होता तेव्हा कुठल्याशा बंदरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने ते आणले होते. म्हणजे आमच्याकडे आले तेव्हाच त्यांचं वय झालेलं होतं. कमरेएवढी लाकडी खोकी, पुढे तपकिरी कापड, त्यामागे कागदाचा मोठा पडदा. आवाज निघतो तो हा कागद थरथरल्यामुळे. आमच्या हवेत कागदाचं काय होतं हे माझ्या पुस्तकांच्या कपाटावरून मला चांगलं ठाऊक आहे.

नवऱ्याने त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. पावसाळ्यात स्पीकरच्या मागे एक साधा पिवळा बल्ब जळत ठेवायचा आणि रोज संध्याकाळी तासभर तरी गाणी लावायची. "वाजतो तो कागद सुको रव्हता," असं तो म्हणे. गाणी तो बाहेरच्या खोलीत ऐकायचा. खुर्चीची जागा त्याने शिंप्याच्या टेपने मापून ठरवली होती. मी आतल्या खोलीत वाचत बसायची. इतकी वर्षं त्याची गाणी मी भिंतीपलीकडून ऐकली.

आमच्याकडे माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत घरात गाणं लागत नाही. मला ते मान्य होतं. पण पाऊस सुरू झाला आणि माझं चित्त लागेना. पुस्तक उघडायची, एकच पान पुन्हा पुन्हा वाचायची, उठायची, बाहेरच्या खोलीत जाऊन बल्ब चालू आहे ना ते पाहायची. परत यायची. पुन्हा उठायची. बोट लावलं तर स्पीकरचं कापड दमट लागे. एके दिवशी वाकून वास घेतला. बुरशीचा वास होता.

"आई, वाजवले नाय तर ते कुजान जातले," मी म्हटलं.

आई फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. "वर्ष होऊंदे. मगे काय ता लाव."

"वर्षान काय उरतला तेंचा?"

"मेल्या माणसाच्या घरात गाणां लावतलंस? लोकां काय म्हणतली?"

लोकांचं मला फारसं काही नव्हतं, पण आईंचा मुलगा गेला होता. त्यांच्यासमोर माझं दुःख मोठं आहे असं मी कसं म्हणणार? तरी हा कागद कुजला तर नवरा जे ऐकत होता ते पुन्हा कधीच कोणाला ऐकू येणार नाही, हे मला बसू देत नव्हतं. नवा पडदा बसवून मिळतो, पण आवाज बदलतो, असं त्यानेच मला सांगितलं होतं.

दोन-तीन दिवसांनी आईच म्हणाल्या, "गाणां नको. बोलणां चलात."

मग आमच्या घरी बोलणं सुरू झालं. अँप्लिफायरला रेडिओ जोडलेला होताच. संध्याकाळी बातम्या, त्यानंतर शेतकऱ्यांसाठीचं भाषण. बातम्यांच्या आधी धून वाजते, ती गाण्यात मोडते की नाही यावर आमची चर्चा झाली. आईंच्या मते मोडत होती. म्हणून धून संपेपर्यंत मी आवाजाच्या बटणावर हात ठेवून उभी राहायची आणि निवेदकाने तोंड उघडलं की आवाज वाढवायची. जगभरची बंदरं हिंडून आलेले ते स्पीकर आमच्या वाडीला भातावरच्या करपा रोगाची माहिती देऊ लागले.

शेजारचे भावजी कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून ओरडले, "काय वयनीनू, कॉलेजात शिकवचा सोडून शेती करूक लागलास काय? माझ्या म्हशीक पण आता युरियाचो डोस पाठ झालो!"

आई आतून म्हणाल्या, "तुका झालो नाय ना अजून? मगे गप ऐक!"

एका संध्याकाळी भाताच्या खोडकिड्यावर कोणी अधिकारी बोलत होते. आईंची पाठ स्पीकरकडे होती. त्यांनी एकदम वळून पाहिलं.

"हो खंय बसान बोलता गो?"

मी पाहिलं. आवाज डाव्या खोक्यातून येत नव्हता, उजव्यातूनही नाही. तो दोन्हींच्या मधून, भिंतीपाशी जिथे काहीच नाही तिथून येत होता, माणूस तिथे पाट मांडून बसल्यासारखा. मी तिथे बटणाशी उभी राहून राहून हे कधी ऐकलंच नव्हतं. आई उठल्या, त्या रिकाम्या जागेपाशी गेल्या आणि भिंतीला हात लावून आल्या. घरात पुरुष बसून बोलतोय असं कितीतरी दिवसांनी वाटलं होतं. मला ते सहन होईना, मी स्वयंपाकघरात गेले, भांडी उगाच हलवली, परत आले. भाषण चालूच होतं. आई हात जोडल्यासारखे मांडीत ठेवून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून वेळ झाली की त्याच हाक मारू लागल्या. "लाव गो, तो येयत आता."

भाद्रपदात एकदा कार्यक्रम बदलला. भाषणाच्या जागी सूचना न देता गाणं लागलं. मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत एक अख्खी ओळ घरभर, अंगणभर पसरली. मी बटण फिरवलं. आईंकडे बघण्याचा धीर होईना.

"चुकान लागला," त्या म्हणाल्या. "चुकान लागलेला पाप न्हय." थोडं थांबून म्हणाल्या, "माझो झील ह्यां लावी. पुढली ओळ काय गो?"

मला सांगता येईना. गाणं ओळखीचं होतं, चाल पाठ होती, पण शब्द मला भिंतीपलीकडून कधी पुरते कळले नव्हते. आईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या संध्याकाळी पुढचं भाषण मी लावलं, ते काजूवर होतं की आंब्यावर, मला आठवत नाही.

वैशाखात वर्षश्राद्ध झालं. मुंबईहून दीर आले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी खिशातून फोन आणि पिशवीतून मुठीएवढा स्पीकर काढला, तो जुन्या खोक्यावर ठेवला आणि गाणं लावलं. आवाज खणखणीत होता.

"आता ही धुडां कित्याक व्हयी? ह्यां बघ, आंब्याएवढा आसा, पण घर हालयता."

आई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो डब्यात बसान बोलता रे. तेंका भायर काढ."

दिरांना काही कळलं नाही. मला कळलं: त्यांना गाणारं माणूस डब्यातून बाहेर, भिंतीपाशी हवं होतं. मी तो छोटा स्पीकर उचलून त्यांच्या हातात दिला, रेकॉर्डांच्या कप्प्यातून सगळ्यांत पुढची काढली आणि सुई ठेवली. पहिल्या क्षणी उजव्या बाजूने खरखर आली. मग गाणारी बाई त्या रिकाम्या जागेवर येऊन उभी राहिली आणि मागची वाद्यं आपापल्या जागी बसली.

"तो खंय बसान ऐकी?" आईंनी विचारलं.

मी खुर्ची दाखवली. ती वर्षभर कोणी वापरली नव्हती. त्या बसल्या.

मी सवयीने आतल्या खोलीत गेले. भिंतीपलीकडून गाणं नेहमीसारखं येत होतं, इतकं नेहमीसारखं की खुर्चीत कोण बसलंय हे विसरायला एक क्षण पुरला असता. मी तिथे थांबले नाही. बाहेर आले. शब्द ऐकायचे तर बाहेरच यायला हवं.

आता रोज संध्याकाळी तासभर गाणी लागतात. स्पीकर दोन्ही चालतात. उजव्यात खालच्या, ढाल्या स्वराला थोडी खरखर आहे. खुर्चीत आई बसतात. मी अजून उभ्यानेच ऐकते.