सहा मुख्याध्यापक, एक कोट

"सर, सहाच्या सहा कोटांचं दुसरं बटन तुटल्यालं हाय," रशीदभाई स्टुलावरून उतरत म्हणाले.

रशीदभाई आमच्या शाळेचे शिपाई. शनिवारी निरोप समारंभ, म्हणून ते ऑफिसातली माजी मुख्याध्यापकांची तैलचित्रं पुसत होते. सहाही चित्रं माझी. मी इथला कलाशिक्षक.

खुर्चीत सूर्यवंशी सर होते. शनिवारी तेच रिटायर होणार होते आणि सातवं चित्र त्यांचं निघायचं होतं. ते उठले, एकेक कोट जवळून पाहिला.

"काय हो, एवढ्या वर्षांत शाळेत एकच कोट फिरत होता काय?"

पोर्ट्रेटच्या कामात मी धडं आधीच रंगवून ठेवायचो. काळा कोट, पांढरा शर्ट, टाय. ऑर्डर आली की पासपोर्ट फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच कॅनव्हासवर आखायच्या आणि एकेक चौकट बघून वर चेहरा बसवायचा. धडासाठी समोर ठेवलेला कोट माझ्या लग्नातला. त्याचं बटन वरातीत तुटलं होतं. दिसलं तसं रंगवलं. माझा प्रामाणिकपणा तेवढाच.

"मला धड माझंच पाहिजे," सर म्हणाले. "उद्यापासून समोर बसतो."

समोर बसलेल्या माणसाचं चित्र मी कधी काढलंच नव्हतं. फोटो हलत नाही. सर हलत होते. कुणी पालक आला की दाराकडं वळायचे. तीन दिवसांत डोळे माझ्याकडं आणि नाक दाराकडं, असा चेहरा तयार झाला.

"नाक कुठं निघालंय?" सरांनी विचारलं.

मागं धाराशिवला मॉडर्न आर्टचं शिबिर झालं होतं. निम्म्या वेळात मी डुलक्या घेतल्या होत्या. उरलेला निम्मा आता कामी आला.

"सर, ह्याला क्यूबिझम म्हणतात. माणूस एकाच जागेवरून बघायचा नाही. समोरून, बाजूनं बघायचा आणि ते सगळं एकाच चित्रात मांडायचं."

"असं होय. मग ह्या सहा जणांना काय म्हणतात?"

"पॉप आर्ट," मी म्हणालो. "त्यात एकच चित्र पुन्हा पुन्हा छापतात."

रशीदभाई तोंडाला फडकं लावून बाहेर गेले. सर हसले नाहीत.

"त्या सहांतले तिघं शनिवारी येणार आहेत. त्यांना ह्या एका कोटाचं तुम्ही सांगा. नाहीतर रशीदभाई सांगतील, आणि ते तिखटमीठ लावून सांगतात."

शनिवारी माईक हातात घेऊन मी सगळं सांगितलं. धड, चौकटी, वरात. वीस वर्षांचं नाव त्या पाच मिनिटांत गेलं असंच मला वाटत होतं.

सगळ्यांत वयस्कर पाटील गुरुजी उठले. आपल्या चित्रापाशी जाऊन त्यांनी बटनाच्या जागेवर बोट ठेवलं.

"मास्तर, ह्या बटनावरनं म्या आमच्या मंडळींना लई बोललो. फोटोला धाडताना कोट नीट बघितला न्हाय म्हणून."

पुढच्या रांगेतून पाटीलकाकूंचा आवाज आला. "चौदा वर्षं बोलत्यात. ट्रंक उघडून कोट दावला, सगळी बटनं हाईत म्हणलं. तर म्हणाले, तू मागनं शिवलंस."

हॉल हसायला लागला. मला हसता येईना. चौदा वर्षांची बोलणी त्या बाईनं माझ्या ब्रशामुळं खाल्ली होती. मी खाली उतरून त्यांच्या पाया पडलो.

"पाया कशाला पडता? बटन लावा," काकू म्हणाल्या.

सोमवारी त्या शाळेत आल्या. मी स्टुलावर आणि त्या खाली, हात बांधून. बटन रंगवून झाल्यावर म्हणाल्या, "आता ह्यांना माझी माफी मागाय लावा." तेवढं माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. बाकीच्या पाच कोटांनाही मी त्याच दिवशी बटनं लावली.

सूर्यवंशी सरांनी नाक सरळ करू दिलं नाही. चित्र तसंच लागलंय. पालक म्हणतात, हुबेहूब. दारात कोण आलंय ते बघतायत.

आता मी धड आधी रंगवत नाही. माणूस समोर बसवतो आणि चेहऱ्याला हात घालण्याआधी त्याची बटनं मोजतो.