कलत्या चाकाची चारशे कव्हरं

नीवेस बेर्गोन्झी पहाटे पावणेपाचला उठायची. गजर तिनं कधी लावला नाही. कॉफी गॅसवर ठेवायची, ती फुरफुरेपर्यंत केस बांधायची, पावात मोर्तादेल्ला सॉसेजचे दोन काप घालून कागदात गुंडाळायची आणि सायकल काढायची. हिवाळ्यात मिलानोजवळच्या लिस्सोने गावात धुकं असं दाटायचं, की पुढच्या सायकलीचा दिवा दिसायच्या आधी तिच्या साखळीचा आवाज यायचा. सहाच्या भोंग्याला ती पुठ्ठ्याच्या कारखान्यात टेबलापाशी उभी असायची. उभीच. त्या टेबलाला खुर्च्या नव्हत्या.

यंत्राला जमत नसे ते काम या टेबलावर यायचं. आठ जणी होत्या. मधोमध डिंकाचं भांडं, प्रत्येकीच्या हातात घडी दाबायची हाडाची पट्टी. त्या दिवसांत रेकॉर्डच्या कव्हरांचं काम फार. मिलानो, जेनोव्हा, रोमा, जिथून तिथून खांद्यापर्यंत केस वाढवलेली पोरं यायची आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडे नसलेलं कव्हर हवं असायचं. कुणाला गोल, कुणाला खिडक्या पाडलेलं, कुणाला सहा पदरी उलगडणारं. मुकादम ब्रिव्हिओ म्हणायचा, "यांना गाण्यापेक्षा पुठ्ठ्याची हौस जास्त. देव यांचं भलं करो, आपली चूल पेटतेय."

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात ब्रेशा शहरातल्या पाच पोरांच्या बँडच्या अल्बमचं काम आलं. दोन तबकड्या, नाव 'बुडालेली गिरणी'. एकेका बाजूला एकेकच गाणं. जेवणाच्या सुट्टीत मुकादमानं कचेरीतला रेकॉर्ड प्लेअर आणून वाजवलाही. आधी बासरी, मग चर्चमधल्यासारखा बाजा, मग एकाएकी सगळे मिळून धावत सुटल्यासारखे. टेबलावरच्या आर्जानं नाचायला म्हणून पाय उचलला, तो कुठे टाकायचा तेच तिला कळेना.

"हे गाणं संपतं कधी, मुकादम?"

"अठरा मिनिटांनी."

"अठरा मिनिटं? तेवढ्यात माझा रिसोत्तोचा भात शिजून होतो!"

आठही जणी हसल्या. पण बासरी परत आली तेव्हा पाव हातातच राहिले. नीवेसला ते गाणं समजलं असं नव्हे. यामागे कुणीतरी पुष्कळ राबलंय, एवढं मात्र तिला ऐकू आलं. राबणं तिला ओळखता यायचं.

त्याच महिन्यात तिला टेबलाची प्रमुख केलं होतं. वय तेवीस. काम कुठल्या क्रमानं करायचं, ते आता ती ठरवणार होती.

हे कव्हर पुस्तकासारखं उघडायचं आणि उघडताना मधून कागदाचं पाणचाक उभं राहायचं. चाकाला दोन जिभा होत्या, एक डाव्या पानाला चिकटवायची, दुसरी उजव्याला. रीत सरळ होती. आधी कव्हराच्या कण्याची घडी पाडायची, पट्टीनं दाबायची, परत उघडायचं आणि मग जिभांना डिंक लावायचा. नीवेसनं पाहिलं, की पुठ्ठा सपाट असतानाच जिभा चिकटवल्या आणि घडी शेवटी घातली, तर उघड-मीट वाचते. एका कव्हरामागे सहा सेकंद. सहा सेकंद म्हणजे काय, ते दिवसभर उभं राहणाऱ्यालाच कळतं. तिनं सगळ्यांना सांगितलं, "आधी डिंक, मग घडी." संध्याकाळपर्यंत चारशे कव्हरं झाली. ब्रिव्हिओनं तिची पाठ थोपटली. माल रात्रीच्या ट्रकनं गेला.

सकाळी टेबलावर एक कव्हर उरलेलं होतं. नीवेसनं ते उघडलं. चाक डावीकडे कललं होतं आणि त्याची कड पुठ्ठ्याला घासत होती. तिनं ते पुन्हा मिटलं, उघडलं. दहाव्या वेळी जीभ फाटली.

ती धावत ब्रिव्हिओकडे गेली. "मुकादम, कालचा माल परत मागवा."

"ट्रक पोचलासुद्धा, पोरी."

"चाक कलतंय. दहादा उघडलं की फाटतंय."

"दहादा कोण उघडतंय? कव्हर आहे ते, दारूच्या दुकानाचं दार नव्हे."

"माझं चुकलं. सहा सेकंद वाचवायला गेले."

"मग आजपासून वाचवू नकोस."

त्या दिवसापासून आधी घडी, मग डिंक. पुढची दोन हजार कव्हरं तिनं एकेक उघडून पाहिली. चाक ताठ उभं राहायचं. पण चारशे गेली ती गेली. लोकांनी पदरचे पैसे मोजून घेतलेली, दहादा उघडली की फाटणारी. कुणी तक्रार केली नाही. कुणी केली असती तर बरं, असं तिला कितीदा वाटलं. बोलणी खाऊन एकदाचं संपलं असतं.

सहा वर्षांनी तोच अल्बम स्वस्त मालिकेत निघाला. चाक नाही, घडी नाही, दोन्ही तबकड्या एकाच खिशात कोंबलेल्या. ते कव्हर यंत्रच करायचं. मग कॅसेट निघाली, तेव्हा कारखान्यात फक्त आतली चिठ्ठी छापली गेली आणि टेबलावर चौघीच राहिल्या. मग सीडी. तिच्यावर गिरणीचं चित्र एवढंसं, की चाक आहे की गुंडी ते सांगता येऊ नये. तोवर टेबल मोडलं होतं आणि नीवेस औषधांच्या खोक्यांवर होती. त्यात उघडायचं कौतुक काही नव्हतं. पुढे जपानातही एक आवृत्ती निघाली, तळहाताएवढी, त्यात चाकसुद्धा होतं. नातवानं ती दुकानात पाहिली आणि आजीला सांगितलं.

"सरळ उभं राहतं का?" तिनं विचारलं.

"काय?"

"चाक रे."

"राहतं की."

"शिकलेली माणसं," नीवेस म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

अल्बमला पन्नास वर्षं होत आली तेव्हा तोबिया राडाएल्ली तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चाळिशीचा, नीटनेटक्या दाढीचा माणूस. जुन्या रेकॉर्ड नव्यानं काढायचा त्याचा धंदा; आता 'बुडालेली गिरणी'च्या हजार प्रती काढायच्या होत्या. नीवेसचं नाव त्याला जुन्या हजेरीपटात सापडलं होतं.

"सिन्योरा, आम्ही चाळीस नमुने करून पाहिले. प्रत्येक वेळी चाक सरळ उभं राहतं."

"मग झालं की."

"नाही ना. आम्हाला कलतं हवंय."

नीवेसनं कॉफीचा चमचा खाली ठेवला. तोबियानं खुर्ची पुढे ओढली. संग्रह करणारे लोक त्या पहिल्या चारशेंनाच खरी आवृत्ती मानतात, तो सांगू लागला. 'ला पेन्देंते', कलती, असंच तिचं नाव पडलंय. सरळ चाकाच्या दोन हजारांना कुणी विचारत नाही. कलतं चाक म्हणजे बुडणाऱ्या गिरणीचं अखेरचं दर्शन, चित्रकाराची खास कल्पना. लेख आलेत त्यावर.

"कल्पना नाही ती," नीवेस म्हणाली. "चूक आहे. माझी."

तोबियाचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हीच! मग आतल्या पानावर तुमचं नाव छापतो. घडीकाम, नीवेस बेर्गोन्झी."

चाळीस वर्षांच्या कामात तिचं नाव कुठे छापलं गेलं नव्हतं. आता छापणार होते ते त्या एका दिवसाच्या चुकीखाली, आणि ती चूक हजार वेळा करून.

"मी तुम्हाला हजारच्या हजार सरळ करून देते. मजुरी नको."

"लोकांनी कलत्यासाठी आगाऊ पैसे भरलेत, सिन्योरा. सरळ दिलं तर मला खोटं ठरवतील."

"आणि ते फाटेल त्याचं काय?"

"हे लोक उघडत नाहीत," तोबिया म्हणाला. "पिशवीत ठेवतात."

नीवेस बराच वेळ टेबलावरचा पुसलेला भाग पुन्हा पुसत राहिली. मग तिनं विचारलं, त्या चारशेंपैकी एखादं आज घ्यायचं तर काय पडतं? तोबियानं आकडा सांगितला. तिनं तो आकडा मनात धरला.

"येते मी. नाव घालायचं नाही. मजुरी पुरी घेईन आणि आर्जालाही घेईन."

तीन आठवडे दोघी छापखान्यात जात होत्या. आता खुर्च्या होत्या, पण नीवेस उभीच राहिली. पहिल्या दिवशी भलतीच अडचण आली. तिचे हात ऐकेनात. तोंडानं 'आधी डिंक' म्हणायची आणि बोटं आधी घडी घालायची. दुपारपर्यंत तीस कव्हरं झाली आणि तिसाच्या तीस सरळ. तोबियानं ती बघितली, मान हलवली आणि बिघडलेल्या मालाच्या पेटीत टाकली.

आर्जाला हसू आवरेना. "बिघडवायलासुद्धा शिकावं लागतंय गं तुला!"

"हात चालव."

"चालवते. तुझ्या एका चुकीवर म्हातारपणी दोघींना काम मिळालं. तेव्हाच चार-पाच करून ठेवल्या असत्यास तर?"

दुसऱ्या दिवसापासून जमलं. एकदा जमल्यावर नीवेसनं तेही चोख केलं. सगळी चाकं सारखीच कलली पाहिजेत, एक जास्त एक कमी नको. कमी-जास्त कललेलं तिनं आर्जाच्या हातातून काढून घेतलं आणि परत करायला लावलं. आर्जा म्हणाली, "बये, चुकीत कसली चूक काढतेस?"

"पैसे घेतोय ना आपण?"

शेवटच्या दिवशी मजुरी घेऊन बाहेर पडताना नीवेसनं सांगितलं, मिलानोला यायचंस, रविवारी रेकॉर्डचा बाजार आहे. कशाला जायचं तेही सांगितलं. आर्जा रस्त्यातच थांबली.

"सरळच हवं तर त्या पेटीतल्या तिसांतलं उचल. फुकट आहे."

"ती आत्ताची आहेत. त्यांत माझं काही चुकलेलं नाही."

जुन्या गोदामात बाजार भरला होता. करड्या केसांची शेंडी बांधलेल्या एका विक्रेत्याकडे ते मिळालं, चारशेंपैकी एक. एक जीभ अर्धी फाटलेली, म्हणून थोडं स्वस्त. तरी नीवेसची तीन आठवड्यांची मजुरी त्यात पुरी गेली.

पिशवीतून काढून देताना विक्रेता म्हणाला, "हात स्वच्छ आहेत ना, सिन्योरा?"

"तुमच्यापेक्षा," आर्जा म्हणाली.

नीवेसनं कव्हर त्याच्याच टेबलावर ठेवलं. बटव्यातून पातळ पातं काढलं, डिंकाची बाटली काढली. विक्रेत्याला कळायच्या आत तिनं पातं चाकाच्या जिभेखाली सरकवलं.

"अहो बाई! काय करताय? पेन्देंते आहे ती!"

"माहीत आहे. मीच कलवलीय."

"तिची किंमत जाईल! कुणी हात लावणार नाही तिला!"

"मी लावतेय ना."

पन्नास वर्षांचा डिंक तटतट सुटला. आजूबाजूचे दोघे-चौघे जमले. एकानं डोळ्यांवर हात घेतला. नीवेसनं दोन्ही जिभा मोकळ्या केल्या, फाटलेलीला मागून पातळ कागद लावला. कव्हर मिटलं, कण्यावर अंगठ्याचं नख दाबून वरपासून खालपर्यंत ओढलं. परत उघडलं. मग डिंक लावला आणि दोन्ही जिभांवर बोटं दाबून उभी राहिली. घाई केली नाही.

तिनं कव्हर उघडलं. चाक ताठ उभं राहिलं. मिटलं, उघडलं. दहादा केलं, अकराव्यांदाही केलं. कड कुठे घासली नाही.

आर्जानं वाकून पाहिलं. "झालं एक. उरली तीनशे नव्व्याण्णव."

"मजुरी संपली," नीवेस म्हणाली आणि कव्हर काखेत मारून चालू लागली.