एका हाताची कॉफी

आमच्या दुकानात किस्से कॉफीच्या चोथ्यासारखे साठतात. डबा रोज रिकामा करा, घासून ठेवा, तळाशी वास राहतोच. त्यातले काही सांगतो. मला बोलायला फारसं जमत नाही, म्हणून लिहून सांगतो.

सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर आमचं दुकान आहे. घरी एस्प्रेसो करायची मशीनं आम्ही विकतो आणि दुरुस्तही करतो. मालक लिमये सर. मी दुरुस्तीचं टेबल सांभाळतो. नववीत गणिताने माझी शाळा सोडवली, पण स्क्रू-ड्रायव्हरने मला कधी नापास केलं नाही. गिऱ्हाईक समोर आलं की मात्र जीभ टाळ्याला चिकटते.

*

सर मशीन दाखवण्याआधी तीन प्रश्न विचारतात. पिणार कोण? सकाळी किती कप? दूध घालून की बिनदुधाची?

खराडीच्या आयटीतला एक तरुण आला होता. त्याने मोबाईलवर दोन बॉयलरचं भलंमोठं मशीन दाखवलं. "हेच हवंय."

"पिणार कोण?"

"मी एकटाच."

"किती कप?"

"एक. शनिवार-रविवारी."

सरांनी परोपरीने समजावलं. त्याने ऐकलं नाही. दोन महिन्यांनी तेच मशीन सर्व्हिसिंगला आलं. पाणी तसंच पडून, आत पांढरा थर. सर म्हणाले, "एकट्याने स्टेशनला जायला तुम्ही अख्खी एसटी विकत घेतलीत!"

*

मराठे काका आले तेव्हा सरांचे तीन प्रश्न पहिल्याच प्रश्नाला अडले.

"पिणार कोण?"

"पिणार दोघं. पण करणार ही. हिला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. एक हात चालत नाही. बोलणंही गेलं, 'हो' आणि 'नाही' एवढंच येतं. आधी रोज सकाळची कॉफी हीच करायची. आता मी करतो."

"मग?"

"मागच्या आठवड्यात माझ्या हातातून कप घेतला आणि सिंकमध्ये ओतला. मी विचारलं, वाईट झालीय? तर 'नाही'. मग, तुला करायचीय? तर 'हो'. अहो, दोन वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट आहे. एका हाताने होईल असं काही आहे का तुमच्याकडे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसतीच, हे मलाही ठाऊक नव्हतं.

*

त्याच आठवड्यात एक गृहस्थ थर्मासमधून कॉफी घेऊन आले. मशीनबरोबर ग्राइंडर घ्या असं सरांनी बजावूनही त्यांनी घेतला नव्हता. "घरात मिक्सर आहे की!" सर बाहेर गेले होते. गृहस्थांनी कप माझ्यापुढे केला. कॉफीला लसणाच्या चटणीचा वास होता!

"कशी आहे?"

"छान," मी म्हणालो.

गृहस्थ खूश होऊन गेले. सरांना कळल्यावर ते रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, "चव खोटी सांगायची नाही. तुझ्या त्या एका शब्दावर तो माणूस दहा वर्षं लसूण पिईल."

*

मराठे काकांच्या मशीनसाठी मी डावा हात खिशात घातला आणि दुकानातली मशीनं एकेक करून तपासायला लागलो. दाबाच्या दांड्याचं मशीन बाद, भांडं धरायला दुसरा हात लागतो. हाताने फिरवायचा ग्राइंडर बाद. विजेचा ग्राइंडर मात्र चालला, कारण पावडर भरायचं हँडल त्याच्या खाचेत आपोआप उभं राहतं. पावडर दाबायला एक रबरी स्टँड मिळाला. शेवटी एक लहान, जड मशीन उरलं. आठ दिवस खिशातला हात मी बाहेर काढला नाही.

एका बाईंनी सरांना हळूच विचारलं, "मुलाच्या हाताला काय झालं हो?"

"काही नाही. शिकतोय."

*

कर्वेनगरला मराठे काकांच्या घरी मशीन बसवायला गेलो. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. भिंतीवर शाळेतल्या निरोप समारंभाचा फोटो होता. "तीस वर्षं गणित शिकवलं हिने," काका म्हणाले. मी फोटोकडे पाठ करून वायर जोडली.

काकू उठल्या. हँडल धरायला त्यांनी डावा हात पुढे केला. गेला होता तो उजवा!

मी सगळं उजव्या हाताने तपासलं होतं. कुठला हात, हे विचारायचं मला धाडस झालं नव्हतं. उजव्या हाताने हँडल आपल्याकडे ओढता येतं, डाव्याने ते ढकलावं लागतं. काकूंनी ढकललं आणि मशीनच ओट्यावरून सरकलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे रे," काका म्हणाले. "तू केलंस तेवढं पुष्कळ."

*

वाघोलीला आमचे चुलते सुतारकाम करतात. मी त्यांच्याकडून एक फळी करून घेतली, मशीनला तीन बाजूंनी अडवणारी आणि ओट्याच्या कडेला क्लॅम्पने आवळून बसणारी. आई म्हणाली, "कॉफीच हाय ना? एवढं काय त्यात?" या वेळी उजवा हात खिशात घातला आणि रविवारभर दुकानातल्या तशाच मशीनवर करून बघितलं.

सोमवारी सकाळी फळी बसवली. काकूंनी पावडर दळली, दाबली. हँडल लावून ढकललं. मशीन हललं नाही. बटण दाबलं. कपात धार पडायला लागली तशी काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

काकूंनी पहिला कप माझ्यासमोर सरकवला. दोघं माझ्याकडे बघत होते. मी घोट घेतला.

"कशी झालीय?" काकांनी विचारलं.

जीभ टाळ्याला चिकटली. मी कप खाली ठेवला.

"आंबट आहे, काकू. दळण अजून बारीक हवं."

"अरे, पहिलीच आहे! छान म्हण की!" काका जवळजवळ ओरडलेच.

काकूंनी डाव्या हाताने कप सिंकमध्ये ओतला, ग्राइंडरची चकती एक घर फिरवली आणि कप परत मशीनखाली ठेवून स्पष्ट आवाजात म्हणाल्या,

"पुन्हा."